गावंडे सरांच्या शब्दवहीतली एक दुरुस्ती

गावंडे सरांची आणि माझी पहिली ओळख माझ्या उजव्या गुडघ्यामुळे झाली. मी तेव्हा अमरावतीच्या शाळेत आठवीत होतो. सायकलवरून पडलो होतो. घरी कळलं तर सायकल जाईल, या भीतीने वडिलांचा जुना रुमाल जखमेवर बांधून, वरून फुलपँट चढवून आठ दिवस काही झालंच नाही अशा थाटात वावरत होतो. इंग्रजीला नवे सर आले होते. शिकवत शिकवत ते माझ्या बाकापाशी आले आणि वाक्य अर्धवट टाकून थांबले. पँटवर रुपयाएवढा ओला डाग उमटला होता.

"कधी लागलं?"

"मागच्या सोमवारी, सर."

सरांनी खडू खिशात टाकला, मॉनिटरला वर्ग सांभाळायला सांगितला आणि मला आपल्या सायकलच्या कॅरिअरवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळी आणलं असतं तरी चाललं असतं मास्तर, तास कशाला सोडला?" सर म्हणाले, "नाई डॉक्टर. आजच्या आज. आत्ताच्या आत्ता." पू काढताना मी ओरडलो, तेव्हा सरांनी माझा हात धरला होता. धरणारा हात माझ्या हातापेक्षा जास्त थरथरत होता. इंग्रजीच्या मास्तरांना रक्त बघवत नाही, असा मी त्याचा अर्थ लावला आणि दुसऱ्या दिवशी मित्रांना रंगवून सांगितला. खरा अर्थ कळायला मला पुढे पंचवीस वर्षं लागली.

श्री. पुरुषोत्तम गावंडे सर यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. गौरव समितीने मला लेख मागितला, कारण मी सरांचा विद्यार्थी आणि नंतर त्याच शाळेत त्यांचा सहकारी. समितीला माहीत नसलेलं एक तिसरं नातंही आहे. सरांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं नुकसान ज्याच्या हातून झालं, तो माणूस मीच. ते नुकसान सांगितल्याशिवाय हा गौरव मला लिहिता येत नाही. का येत नाही, त्याचं कारणही सरांच्या शिकवण्यातच आहे, म्हणून आधी त्यांच्या कामाबद्दल लिहितो.

सर वलगावच्या शेतकरी घरातले. घरात कॉलेजात गेलेले ते पहिले. शाळेत ते इंग्रजी शिकवत, पण समजावत वऱ्हाडीत. हेडमास्तर एकदा वर्गाबाहेर थांबून ऐकत होते. तासानंतर त्यांनी सरांना गाठलं आणि इंग्रजीच्या तासाला ही भाषा कशाला, असं जरा आंबट तोंडाने विचारलं. सर म्हणाले, "पोरं जिथं उभे हायेत तिथूनच तं निंघा लागन, साहेब." मी वकिलाचा मुलगा. आमच्या घरी 'मले-तुले' केलं की आई डोळे वटारायची. सरांच्या वर्गात पहिल्यांदा मला कळलं, की हुशार माणूस असंही बोलू शकतो. सर मला 'वकीलसाहेब' म्हणायचे. मला ते फार आवडायचं. त्या नावात चिमटाही होता, हे समजण्याइतका मी शहाणा नव्हतो.

सरांचा एक नियम होता. नव्या शब्दाची दोन वाक्यं करायची. पहिलं वस्तूवर किंवा अंगावर, दुसरं मनावर. आणि दोन्ही वाक्यं खरी पाहिजेत. "पोट्टेहो, वाक्य डोयानं पाह्यलेलं पायजे. गाइडातलं मले नका सांगू. तुह्या घरात, तुह्या गल्लीत जे झालं ते सांग." माझ्या गुडघ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बिघडण्याच्या शब्दांचा तास घेतला. आधी मराठीतले विचारले. दूध नासतं, भाजी सडते, लोखंड गंजतं, घर खचतं. "अन् वकीलसाहेबाचा गुडघा?" मागून कोणीतरी ओरडलं, "चिघळला!" सरांनी फळ्यावर इंग्रजी शब्द लिहिला, फेस्टर. आत घाण राहून वरून झाकलेली जखम जशी वाढत जाते, ते या शब्दात आहे, असं सांगितलं. मग खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्या गुडघ्याचं वाक्य तिच्यावर उतरवून घेतलं. दुसऱ्या वाक्यासाठी मुलांनी हात वर केले, पण सर म्हणाले, "याचं दुसरं वाक्य राहू द्या." फळा पुसून ते पुढच्या शब्दाकडे गेले. असं त्यांनी दुसऱ्या कुठल्या शब्दाच्या बाबतीत केलेलं मला आठवत नाही.

त्या चिठ्ठ्या म्हणजे लग्नपत्रिकांचे कोरे मागचे भाग असत. अमरावतीत सरांना लग्नाचं बोलावणं नसेल असं घर शोधावं लागेल. पत्रिका आली की सरांच्या पत्नी, आमच्या काकू, ती सारख्या आकारात कापून ठेवायच्या. एका अक्षराचा एक गठ्ठा, त्याला सुतळी, आणि सगळे गठ्ठे पत्र्याच्या ट्रंकेत. तीस वर्षांत त्या ट्रंकेत वऱ्हाडातल्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलेली हजारो वाक्यं जमली. कोणाची म्हैस, कोणाची मावशी, कोणाच्या आजोबांचं कुलूप. सर निवृत्त झाल्यावर आम्ही ठरवलं, की यातून खेड्यातल्या शाळांसाठी एक लहान शब्दवही छापायची. तोवर मी त्यांच्याच शाळेत इंग्रजी शिकवू लागलो होतो. सरांनी गठ्ठे वाटून दिले. 'एफ'चा गठ्ठा माझ्याकडे आला.

सरांच्या सचोटीचा दाखला द्यायचा तर आदर्श शिक्षकाच्या पुरस्काराचा देतो. अर्ज आम्हीच आणला होता. त्यात 'आपल्या कार्याची वैशिष्ट्ये' असा रकाना होता. सरांनी तो चष्म्यातून वाचला आणि परत केला. "मी पोरं पाह्यले, मले नाई पाह्यलं. काय लिवू?" आम्ही हसलो, आणि पुरस्कार गेला.

आता ज्या दिवसामुळे सगळं घडलं त्या दिवसाकडे येतो. शब्दवहीच्याच कामाने आम्ही परतवाड्याला शिक्षकांच्या एका शिबिराला गेलो होतो. परतीची एसटी यायची होती. स्टँडच्या बाकावर मी संत्रं सोलत होतो. समोर एक म्हातारा बसला होता. त्याच्या पायाला मळकी पट्टी बांधलेली होती. सर उठून त्याच्याजवळ गेले. कधी लागलं, कशानं लागलं, दवाखान्यात गेला का, असं एकामागून एक विचारत सुटले. म्हातारा म्हणाला, "जाईन न बाप्पा, बाजार झाला की." सरांनी ऐकलं नाही. त्याला धरून एका जीपमध्ये बसवलं आणि दवाखान्यासमोरच उतरवायचं, असं जीपवाल्याला दोनदा बजावलं. परत येऊन बसले तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. मी ते हात ओळखले.

"सर, तुम्हाला जखमेची एवढी भीती का वाटते?"

सरांनी माझ्या हातातलं संत्रं घेतलं आणि न खाता धरून ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी जवळजवळ त्यांच्याच शब्दांत देतो, कारण पुढे मी केलेला गुन्हा या शब्दांशी केलेला आहे.

"माह्या बापाच्या पायात वावरात बाभयीचा काटा मोडला होता. मी अमरावतीले, दादा घरी. चार दिवसांत पाय सुजला. बेस्तरवारी दादानं बैलबंडी जुपली, बापाले अमरावतीले आन्याले. मी निरोप धाडला, माह्या मांगं परीक्षेचं काम हाय, रविवारी मीच येतो अन् मोठ्या डॉक्टरकडे नेतो, तवालोक हलवू नको. दादानं बंडी सोडली. मी शिकेल होतो न, माह्यावर त्याचा भरोसा होता. रविवारी गेलो तं पाय काया पडला होता. पाय बी कापला, अन् बाप बी गेला."

सर संत्रं माझ्या हातात परत देऊन म्हणाले, "चूक माही. पन मौतीच्या दिवशी मी सगळ्यासमोर दादाले म्हटलं, तू घरी होता, तुले डोये नव्हते का? तो मले काहीच नाई बोलला. तवापासून बोललाच नाई."

एसटी आली. आम्ही बसलो. अमरावती येईपर्यंत सर खिडकीबाहेर पाहत होते. आपल्या गुरूने आपल्याजवळ एवढं मन मोकळं केलं, याचा मला अभिमान वाटत होता. तेव्हा मला दुःख व्हायला हवं होतं. झाला तो अभिमान, आणि पुढचं सगळं तिथूनच बिनसलं.

त्या आठवड्यात मी 'एफ'चा गठ्ठा सोडला. त्यात 'फेस्टर'ची चिठ्ठी निघाली. पहिल्या ओळीत माझा गुडघा होता आणि दुसरी ओळ कोरी. सरांनी ती मुद्दाम कोरी ठेवली आहे, हे ज्याला कळायला हवं होतं तो मीच होतो. पण शिष्याचा उत्साह आडवा आला. माझ्याजवळ खरं वाक्य होतं, ताजं, वऱ्हाडातलं. मी लिहून टाकलं. मराठीत त्याचा अर्थ असा होता: 'वलगावच्या एका घरात थोरल्या मुलाने बापाच्या पायाकडे वेळेवर लक्ष दिलं नाही, आणि त्यावरून दोन भावांमधली अढी वर्षानुवर्षं चिघळत राहिली.'

वाचकांच्या लक्षात आलंच असेल. मी बंडी जुंपणाऱ्या भावाला दोषी केलं आणि बंडी सोडायला लावणाऱ्या भावाला वाक्यातून काढून टाकलं. हे नकळत झालेलं नाही. लिहिताना पेन थांबलं होतं. सरांनीच केलेली पुस्तिका, तीत सरांचीच चूक कशी छापायची, असा विचार करून मी वाक्य वळवलं. नाव कुठलंच घातलं नाही, म्हणजे कोणाचं काही बिघडणार नाही, अशी स्वतःची समजूत घातली. वकिलाचा मुलगा होतो. अशील वाचवला.

सरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच महिन्यात झालं होतं. शेवटची प्रुफं त्यांनी वाचली नाहीत. हिरव्या पट्टीखालून त्यांनी विचारलं, "एफ झाला का?" मी म्हणालो, "झाला सर, एकदम पक्का."

आणि नेमकं त्याच वर्षी, वडील गेल्यानंतर तीस वर्षांनी, वलगावहून निरोप आला होता. सरांचे थोरले भाऊ नामदेवराव यांनी मुलाच्या हाती सांगावा धाडला होता, की यंदा पोळ्याला घरी ये. काकू सांगतात, सर त्या दिवशी जेवले नाहीत, नुसते घरभर फिरत होते. मग बाजारात जाऊन बैलांसाठी दोन लाल झुली घेऊन आले. काठाला आरसे लावलेल्या. ज्या माणसाने स्वतःसाठी शर्टाचं कापडही कधी निवडलं नाही, त्याने झुली निवडायला अर्धा दिवस घालवला.

शब्दवही पोळ्याच्या आठ दिवस आधी शाळांमध्ये पोचली. वलगावच्या शाळेतही पोचली. नामदेवरावांची नात वैष्णवी तेव्हा सातवीत होती. संध्याकाळी अंगणात आजोबांनीच तिला सांगितलं, "काकाआजोबाचं पुस्तक हाय न? वाच बरं मोठ्यानं. अन् मराठीत सांग." पोरगी हुशार. मध्येच उघडून वाचू लागली. एकेक शब्द वाचून त्याचा अर्थ सांगत ती 'एफ'पर्यंत आली.

पोळ्याला सर झुली घेऊन वलगावला गेले. दारातच नामदेवराव उभे होते. म्हणाले, "मास्तर, पुस्तकात लिवलं तेवढं पुरं झालं. बैलाले झूल नाई पायजे." सर त्याच एसटीने परत आले. काकूंनी झुली कपाटात ठेवल्या.

मला हे काकूंकडून कळलं. मी धावत गेलो. सर ओसरीवर खळीचं भांडं आणि कागदाच्या पट्ट्या घेऊन बसले होते. पुढचे कितीतरी दिवस ते शाळाशाळांतून फिरले आणि प्रत्येक प्रतीत त्या ओळीवर कोरी पट्टी चिकटवत राहिले. डोळ्याला काळा चष्मा, हातात पिशवी. पोरं ती पानं उजेडात धरून खालचं वाचत असणारच, पोरंच ती. त्या दिवशी ओसरीवर मी म्हणालो, "सर, मी चिकटवतो." ते म्हणाले, "नको. 'एफ'चा गठ्ठा तेवढा वापस दे." मी गठ्ठा दिला. सुतळी बांधता बांधता ते वर न पाहता बोलले, "वकीलसाहेब, मले वकील नव्हता पायजे."

एवढंच. यापलीकडे त्यांनी मला कधी एक शब्द उणा-अधिक म्हटला नाही. म्हटला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या तर मी पाय धरले असते आणि मामला त्याच दिवशी मिटला असता. मी लाजेने मिटून गेलो. सहा महिन्यांत अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जागा मिळवली आणि अमरावती सोडली. लोकांना सांगितलं, बायकोचं माहेर अकोल्याचं आहे. अकोल्याच्या उन्हात राहायला कोणी हौसेने जात नाही, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

सर दर दिवाळीला फोन करायचे. मी 'सर, वर्गावर आहे' म्हणून ठेवून द्यायचो. दिवाळीच्या सुट्टीत कुठला वर्ग, हेही मला सुचायचं नाही. अकोला ते अमरावती, दोन-अडीच तासांचा रस्ता. येत्या रविवारी जाऊ, असं मी किती वेळा ठरवलं याची गणती नाही. सरांनी एकच रविवार सांगितला होता आणि त्याचं दुःख आयुष्यभर वाहिलं. मी चौदा वर्षांचे सगळे रविवार घालवले आणि जेवून झोपत राहिलो.

माझी आई गेली तेव्हा सर अकोल्याला आले. तोपर्यंत त्यांची नजर बरीच उतरली होती. कोणालाही सोबत न घेता एसटीने आले, स्टँडवरून विचारत विचारत घर शोधलं आणि माझ्याशेजारी सतरंजीवर तासभर बसून राहिले. उठताना माझ्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवून उठले. आधार घेतला असेल, किंवा दुसरं काही असेल. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायलाही गेलो नाही. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची मला भीती वाटत होती. मोठ्या मनाच्या माणसाशी लहान मनाने वागलो.

मग यंदा समितीचं पत्र आलं. मी लिहायला बसलो. 'सर म्हणजे ज्ञानाचा सागर' असं एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. मी सागर पाहिलेला नाही. जे पाहिलं होतं ते लिहायची हिंमत नव्हती. चार दिवसांनी, एका मंगळवारी, रजा टाकून अमरावती गाठली.

सरांना आता समोरचा माणूस फक्त आकारासारखा दिसतो. माझा आवाज ऐकून ते म्हणाले, "वकीलसाहेब? बस. बरं झालं. काकूले इंग्रजी वाचता येत नाई, माह्या चिठ्ठ्या वाचून दाखवनारं कोनी नाई." ट्रंक उघडून मी कुठला गठ्ठा काढू म्हणून विचारलं. ते म्हणाले, "एफ."

मी वाचत गेलो. ती चिठ्ठी आली. पहिल्या ओळीत माझा गुडघा. दुसऱ्या ओळीतलं माझं वाक्य एका सरळ रेघेने खोडलेलं. त्याखाली काही नाही. मी थांबलो.

"वाच न."

"सर, खाली कोरं आहे."

"मालूम हाय. खरं वाक्य लिव्याले दादा पायजे होता. एकट्यानं कसं लिवू?"

चहा घेऊन आलेल्या काकू उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत त्या मला कधी रागावल्या नव्हत्या. त्या दिवशी सरांकडे हात करून बोलल्या, "तुमाले मालूम तरी हाय का? दादाले यायनं अजूनलोक सांगतलं नाई का ते तुमी लिवलं म्हनून. तो समजते यायनंच लिवलं."

चौदा वर्षं मी समजत होतो, की सरांनी केव्हाच सांगून टाकलं असेल आणि तरी भावाचा राग गेला नसेल. माझी लाज त्या समजुतीवर सुखाने राहत होती.

"सर, का नाही सांगितलं?"

"पुस्तकावर नाव कोनाचं होतं? माहं. मंग वाक्य बी माहंच." मग म्हणाले, "तुहं नाव सांगून मी सुटलो असतो. एकदा तसा सुटलो होतो मी, दादाचं नाव घेऊन. पुन्हा नाई."

मी चहा तसाच ठेवून उठलो. सरांनी विचारलं, कुठं चालला. म्हणालो, वलगावला. ते म्हणाले, "रविवारी जा, वैष्णवी बी असते घरी." मग स्वतःच दचकले आणि घाईने म्हणाले, "नाई नाई. आत्ताच जा."

नामदेवराव ब्याऐंशी वर्षांचे आहेत. अंगणात बाजेवर बसले होते. गोठा रिकामा होता. शेत आता मुलगा ट्रॅक्टरने करतो, बैल दोन वर्षांपूर्वी विकले. मी कोण ते सांगितलं, आणि ते वाक्य मी लिहिलं होतं हे सांगितलं. खरं काय होतं ते सरांनी मला आधीच सांगितलं होतं आणि तरीही मी उलटं लिहिलं, हेही सांगितलं. ते ऐकत होते. माझं झाल्यावर विचारलं, "त्यानं तुमाले सांगतलं होतं? बंडी मी जुपली होती म्हनून?"

"हो."

"चूक त्याची म्हनून?"

"हो. 'चूक माही' असंच म्हणाले होते."

नामदेवरावांनी डोक्याचा दुपट्टा काढला, घडी केली, पुन्हा उलगडला. "मंग मले कावून नाई म्हटलं हे त्यानं? मले म्हटलं असतं तं मी त्या दिवशीच..." मग माझ्यावर उखडले. "अन् तुमी इतके वर्स कावून नाई आले?"

"लाज वाटत होती."

"लाज वाटे तं तवाच याले पायजे होतं. चवदा वर्स! पोरीनं तवापासून माह्यासमोर पुस्तक वाचलं नाई. तिले वाटते तिनंच भांडन लावलं. मास्तरीन झाली परतवाड्याले, तं गनित शिकवते."

मी माफी मागितली. त्यांनी हात झटकला. "मले एकट्याले सांगून काय होते? गावानं वाचलं ते. पुस्तकात खोटं छापलं न तुमी? मंग खरं बी पुस्तकातच छापा. पोरगी वाचून दाखवन. मंग पाहू."

गौरवग्रंथात असा लेख कसा, असा प्रश्न पडलेल्या समिती सदस्यांना माझं उत्तर हे आहे. परत येऊन मी सरांना विचारलं, छापू का? म्हणाले, "खरं असन तं छाप. पन यावेळी माही वकिली नको करू." मी केलेली नाही. सरांकडून एक निरोप चुकला आणि दुःखाच्या भरात एक वाक्य चुकलं. त्यानंतर त्यांनी हजारो पोरांना खरं वाक्य लिहायला शिकवलं, आणि माझ्या खोट्या वाक्याचं ओझं न बोलता स्वतःवर घेतलं. मी पाहिलेले गावंडे सर असे आहेत. याहून मोठा गौरव मला लिहिता येत नाही.

या ग्रंथाची एक प्रत वलगावला जाईल. चि. वैष्णवी, ती तुझ्या हातात येईल तेव्हा कृपा करून अंगणात बस आणि हे पान आजोबांना मोठ्याने वाचून दाखव. इंग्रजी नाही, अर्थ सांगायची गरज नाही. त्या संध्याकाळी तू काहीही चुकीचं केलं नव्हतंस. तू जे छापलं होतं तेच वाचलंस. ते तुझ्या काकाआजोबांनी लिहिलं नव्हतं. ते मी लिहिलं होतं, आणि ते खोटं होतं. दुरुस्त वाक्य असं आहे: थोरल्या भावाने वेळेवर बंडी जुंपली होती, धाकट्याच्या शब्दावर विश्वास ठेवून त्याने ती सोडली, आणि धाकट्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

सरांना शंभर वर्षं आयुष्य लाभो, हे सगळेच म्हणतील. मी दोघा भावांसाठी मागतो, आणि लवकर मागतो, कारण एकाची नजर उतरली आहे आणि दुसऱ्याचे पाय थकले आहेत. पोळा दोन महिन्यांवर आला आहे. वलगावहून 'ये' म्हणून निरोप आला तर सरांना मी घेऊन जाणार आहे. काकूंनी कपाटातल्या झुली दर उन्हाळ्यात ऊन दाखवून जपल्या आहेत, आरसे शाबूत आहेत. गोठ्यात आता बैल नाहीत, हे मी सरांना सांगितलं. त्यांनी झुलीच्या काठावरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "असू दे. दादाच्या बाजेवर टाकू. थंडीचं पांघरूनच होईन त्याले."